म्हशीचा चष्मा

टॅबमधल्या बाईशी माझं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. तिचं नाव वाचनताई. पडद्यावर पिवळ्या साडीतली एक गोरीपान बाई येते, जिला कधी घाम येत नाही, कधी खोकला होत नाही. मूल वाचायला लागलं की ती मान डोलावत ऐकते आणि वाचून झालं की गोड आवाजात निकाल देते. कुणाला एक तारा, कुणाला पाच. चुकलेला शब्द लाल होतो. मुलाच्या तोंडाकडे न बघता त्याला काय येतं ते सांगणारी शिक्षिका मला तोपर्यंत भेटली नव्हती.

मी लतिका कुकडे. राहते नागपुरात, महालात, आणि बुटीबोरीच्या शाळेत रोज बसनं अप-डाऊन करते. विषय गणित. तोंडाची फटकळ आहे असं शाळेत सगळे म्हणतात, आणि ते खरं असल्यामुळे मी कधी नाकारलं नाही. आमची शाळा एमआयडीसीच्या कडेला आहे, एका ट्रस्टची. अर्धी पोरं आसपासच्या गावांतली आणि अर्धी सूतगिरण्यांत कामाला आलेल्या बिहार-यूपीच्या माणसांची. मधल्या सुट्टीत मैदानावर जी भाषा चालते तिला नाव नाही, पण तिच्यात भांडणं मात्र छान होतात.

टॅब आणले ते धम्मानंद गजभिये सरांनी. सर पाचवीला मराठी शिकवतात. एका कंपनीच्या मागे लागून, तिच्या गेटवर चपला झिजवून त्यांनी ते मिळवले होते, त्यामुळे मला ताईचा राग आला तरी तो सरांवर काढता येईना. शिवाय खोटं कशाला बोलू, फायदा झाला. जितेंद्र नावाचा एक पोरगा बोलताना अडखळतो म्हणून वर्गात कधी तोंड उघडायचा नाही. तो कोपऱ्यात बसून ताईला धडेच्या धडे वाचून दाखवू लागला. माणसं हसतात, यंत्र हसत नाही, हे त्याला बरं वाटत असावं. ते बघितल्यावर मी माझी टिंगल जरा आवरती घेतली.

आणि धम्मानंद सरांविषयी काय सांगू. सर कधीच धडा समजावून सांगायचे नाहीत. ते मुलांच्या बाकावर जाऊन बसायचे आणि आपल्याला काही समजलंच नाही असं सोंग करायचे. मग पोरं चिडून त्यांना समजावून सांगायची. वर्गात नवीन आलेलं एखादं पोरगं घरी जाऊन सांगायचं, की आमच्या सरांना काहीच येत नाही. महिनाभरात तेच पोरगं सरांना धडा शिकवण्यासाठी रात्री घरून तयारी करून यायचं. मी पुष्कळ शिक्षक पाहिले, नावाजलेलेही पाहिले. पण मुलांपेक्षा कमी हुशार दिसायला जी हिंमत लागते ती मी या एकाच माणसात पाहिली.

अपेक्षा मेश्राम ही त्यांची लाडकी. सर तोंडानं कबूल करत नसत, पण शाळेला ठाऊक होतं. बारीक चणीची, सावळी, एक वेणी नेहमी सुटलेली. वडील सूतगिरणीत. धाकटी बहीण प्रीती आमच्याच शाळेत तिसरीत. अपेक्षा वाचायला उभी राहिली की शेजारच्या वर्गातली माझी बेरीज-वजाबाकी बंद पडायची, कारण माझी पोरं भिंतीला कान लावून बसायची. धड्यातला सावकार बोलला की हिचा आवाज नाकातून यायचा, म्हातारी बोलली की थरथरायचा. रागवायला म्हणून मी एकदा त्या वर्गाच्या दारापर्यंत गेले आणि धडा संपेपर्यंत तिथेच उभी राहिले.

आणि या पोरीला वाचनताईनं एक तारा दिला.

दुसऱ्यांदा एक. तिसऱ्यांदाही एकच. सरांनी टॅब उघडून लाल शब्द पाहिले. मला, तुला, त्याला, म्हशीला, बगळ्याला. जिथे जिथे 'ला' होता तिथे तिथे अपेक्षानं 'ले' वाचलं होतं. मले, तुले, त्याले. 'का' होतं तिथे 'काहून'. 'विचार करत होता' असं छापलेलं आणि हिनं वाचलेलं 'इचार करून राहिला होता'. तिच्या घरी, तिच्या गल्लीत, सगळ्या बुटीबोरीत जसं बोलतात तसं. ताईला ती भाषा कुणी शिकवली नव्हती. तिनं इमानदारीनं चूक म्हणजे चूक धरली.

उलट विक्कीला पाच तारे. विक्की शाळेत येऊन चार-सहा महिने झाले होते, कुटुंब बिहारचं. मराठी त्याला मैदानावरची येत होती, पुस्तकातली नाही. पण लिपी तर तीच. हिंदीच्या जोरावर तो अक्षराला अक्षर लावून खडखडीत वाचत सुटायचा. 'ळ' आला की तेवढा जरा घसरायचा. ताई त्याच्यावर फार खूश होती, आणि भिंतीवरच्या तक्त्यात त्याचं नाव हिरव्या रंगात सगळ्यांत वर गेलं.

हा तक्ता ट्रस्टचे अध्यक्ष भैय्याजी यांच्या आवडीचा. भैय्याजींचं ऑफिस नागपुरात, सदरला, शाळेत ते क्वचित येतात. माणूस मनानं मोकळा, पण रंग दिसले की त्यांना काम झाल्यासारखं वाटतं. हिरवे, पिवळे, लाल असे मुलांचे गट पाहून ते हरखून गेले आणि संक्रांतीच्या सुमारास त्यांनी फर्मान काढलं. पाचवीतली जी मुलं फेब्रुवारीच्या चाचणीतही लाल राहतील, त्यांनी मराठीच्या तासाला तिसरीच्या वर्गात बसायचं. पाया पक्का होईल, असं त्यांचं म्हणणं.

तिसरीत म्हणजे प्रीतीच्या वर्गात. धाकट्या बहिणीच्या बाकावर, तिच्यासोबत, तिच्या पुस्तकातून.

अपेक्षानं काही आरडाओरडा केला नाही. तिनं मधल्या सुट्टीत सरांना येऊन एवढंच सांगितलं, की तिसरीत बसवलं तर ती शाळेत येणार नाही. तिची आईही सरांना भेटून गेली. तिनं पोरीला समजावून पाहिलं होतं, वडिलांनी एक ठेवूनही दिली होती, पण पोरगी हट्टाला पेटली होती. आई म्हणाली, की तिच्या वस्तीतल्या दोन पोरी अशाच रुसून घरी बसल्या आणि मग घरीच राहिल्या. घरात पोरगी रिकामी दिसली की कामं तिला शोधत येतात. रुसवा जातो, कामं जात नाहीत.

मी सरांना म्हटलं, भैय्याजींना फोन करा, सांगा की तुमची ताई बहिरी आहे. सर हसले नाहीत. त्या दिवशी ते माझ्याशी जे बोलले ते मी विसरलेली नाही.

"मॅडम, आज ताई तिला लाल करते. उद्या माणसं करतील. डी.एड.ला मी पहिल्या पाठाला उभा राहिलो आणि 'मले' म्हणालो, तेव्हा अख्खा वर्ग हसला होता. माणसं तारे कापत नाहीत, हसतात. ते तिच्या वाट्याला नको यायला."

सरांना घरून आईचा फोन आला की ते "हो वं माय, जेवून राहिलो" म्हणतात आणि फोन ठेवला की लगेच पुस्तकी मराठीत येतात. रामटेकजवळच्या एका खेड्यातून येऊन त्यांनी ही भाषा एकेक शब्द करून कमावली आहे. मला ती महालातल्या घरात आयती मिळाली. आयत्या बिळावर बसलेल्यानं फार शहाणपणा शिकवू नये, एवढं मला कळतं.

तर सरांनी अपेक्षाला शिकवायला घेतलं. रोज शाळा सुटल्यावर थोडा वेळ. चाचणीला जी गोष्ट होती तीच, 'म्हशीचा चष्मा'. गोष्ट गमतीची आहे. एका म्हशीला काही दिसेनासं होतं. ती बगळ्याकडे जाते, बगळा चष्म्याचं दुकान मांडून बसलेला. तो आधी चिखलानं लिंपलेले तिचे डोळे पुसतो, मग काच नसलेली नुसती फ्रेम तिच्या नाकावर चढवतो. म्हशीला लख्ख दिसायला लागतं आणि ती गावभर चष्म्याची तारीफ करत फिरते. बस, एवढीच.

मी बसची वाट बघत व्हरांड्यात बसायची, तेव्हा त्यांची शिकवणी कानावर पडायची. सर विचारायचे, काय लिहिलंय इथे? ती म्हणायची, मले. सर म्हणायचे, नीट पाहा, म आणि ला. ती म्हणायची, मला. पुढच्या ओळीत पुन्हा मले. सर एकदाही चिडले नाहीत. पण ते बाकावर तिच्या शेजारी बसले असले, तरी काही समजत नसल्याचं सोंग त्यांनी बंद केलं होतं. आता त्यांना सगळं समजत होतं आणि तिला काही समजत नव्हतं. एके दिवशी तिनं विचारलं, "सर, मले काहून नाई लिहीत पुस्तकात?" सर पुस्तकाचं पान सारखं करत म्हणाले, पुस्तकात असंच असतं.

शेवटी उपाय तिनंच शोधला. बिस्किटाच्या पुड्याचं खोकं फाडून तिनं एक पट्टी केली आणि तिच्या मधोमध शब्दाएवढी खिडकी कापली. पट्टी ओळीवर ठेवायची, खिडकीत एकच शब्द दिसतो, तो वाचायचा. मग पट्टी पुढे सरकवायची. पुढचा शब्द दिसतच नसल्यामुळे जीभ आपल्या मनानं धावत नाही. असं वाचलं आणि ताईनं पहिल्यांदा तीन तारे दिले. मग चार. सरांचा चेहरा उजळला. मलाही आनंद झाला, नाही कशाला म्हणू. फक्त माझ्या वर्गातली पोरं आता भिंतीला कान लावत नव्हती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

चाचणीच्या दिवशी भैय्याजी स्वतः आले. सोबत तर्री-पोहा आणला होता, सगळ्या स्टाफसाठी, त्यामुळे त्यांच्याविषयी वाईट बोलायची कुणाची छाती नव्हती. मोठ्या खोलीत सतरंज्या टाकल्या, ताईचा आवाज सगळ्यांना ऐकू जावा म्हणून टॅबला मोठा स्पीकर जोडला. पाचवीची सगळी पोरं मांडी घालून बसली. अपेक्षा भिंतीकडेला होती, हातात पट्टी. सकाळपासून तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नाही असं तिच्या मैत्रिणीनं मला सांगितलं.

भैय्याजींच्या मानासाठी आधी हिरव्यातला विक्की उभा राहिला. त्यानं गोष्ट खडखडीत वाचली, ताईनं पाच तारे दिले, टाळ्या झाल्या. मग लाल गटाची पाळी आणि त्यात पहिलं नाव अपेक्षाचं.

ती पुढे आली. पट्टी ओळीवर ठेवली आणि वाचायला लागली. "म्हैस. म्हणाली. मला. काही. दिसत. नाही." एकेक शब्द स्वच्छ, सुटा, सारख्या आवाजात. म्हैस बोलली तरी तोच आवाज, बगळा बोलला तरी तोच. भिंतीवरचं घड्याळ वाचायला लागलं तर असंच वाचेल. मध्ये कुठे अडखळली नाही, कुठे थांबली नाही, कुठे हसली नाही. संपलं तेव्हा स्पीकरमधून ताई म्हणाली, शाब्बास, आणि पडद्यावर पाच तारे चमकले.

केवढ्या टाळ्या पडल्या. मी तर उठून उभी राहिले. पोरगी वाचली, तिसरीत बसणं टळलं, घोडं गंगेत न्हालं. सरांनी डोळ्यांवरून रुमाल फिरवला. भैय्याजी खूश होऊन म्हणाले, बढिया, आणि कौतुकानं तिला जवळ बोलावून विचारलं, की काय गं, चष्म्याला तर काच नव्हती, मग त्या म्हशीला दिसायला लागलं कशानं?

अपेक्षानं हातातल्या पट्टीकडे पाहिलं. मग पुस्तकाकडे. मग भैय्याजींकडे.

"मालूम नाई सर," ती म्हणाली. "मी तं वाचून राहिली होती."

भैय्याजींना वाटलं पोरगी लाजली. त्यांनी हसून तोच प्रश्न विक्कीला विचारला. विक्कीनं खांदे उडवले. त्याला भैंस कळली होती, बाकी काही नाही. भैय्याजी पुन्हा हसले, मुलं मोठ्या माणसांपुढे घाबरतातच म्हणाले, आणि पुढचं नाव घ्या अशी खूण केली.

मी सरांकडे पाहिलं. माणसाच्या हातून काचेचं भांडं पडतं आणि ते फुटायच्या आधीच त्याचा चेहरा बदलतो, तसा त्यांचा चेहरा झाला होता. जी पोरगी धडा वाचता वाचता त्यात दोन ओळी पदरच्या घालायची, तिला एकदा कळलेली गोष्टही आता माहीत नव्हती. तिनं खोटं उत्तर दिलं नव्हतं. ती गोष्ट खरंच तिच्या हातून सुटली होती, कारण कितीतरी दिवस खिडकीतून तिला एका वेळी एकच शब्द दिसत होता, आणि ती खिडकी तिनं सरांसाठी कापली होती.

पुढचं नाव कुणी घेतलं नाही. सर पुढे झाले, त्यांनी टॅब हातात घेतला आणि भैय्याजींना म्हणाले, एक मिनिट. मुलांनी वाचलेलं सगळं त्या टॅबमध्ये साठवलेलं असतं. पहिल्या दिवसापासूनचं. सरांनी लाल शब्दांची यादी पाहिली होती, पण आवाज एकाही मुलाचा परत ऐकला नव्हता. निकाल समोर असल्यावर पेपर कोण वाचतो. ते बोटानं पडदा वर सरकवत राहिले, पार तळाशी गेले आणि एका ठिकाणी बोट दाबलं.

स्पीकरमधून अपेक्षाचा आवाज आला. तिचा जुना आवाज.

"म्हैस म्हणे, मले तं काहीच दिसून नाई राहिलं. कोणता तलाव, कोणता रस्ता, काय समजते? बगळा म्हणे, तुले चश्मा पायजे वं बाई. बस इथं. हलू नको."

म्हशीचा आवाज जाड, दमलेला, रवंथ करता करता काढलेला. बगळ्याचा आवाज नाकातला, भरभर, सदरच्या एखाद्या पक्क्या दुकानदारासारखा. 'बस इथं, हलू नको' हे पुस्तकात नव्हतंच. बगळ्यानं चिखल पुसला तेव्हा तिनं तोंडानं पचपच आवाज केला होता. सतरंजीवर कुणीतरी खुदकन हसलं. मग दोघं-तिघं. फ्रेम चढवून म्हैस म्हणाली, "अगं माय, केवढं साफ दिसून राहिलं," आणि सगळी खोली हसली. भैय्याजी पोट धरून हसले. खिचडीवाल्या इंदूबाई दारात हातात झारा घेऊन हसत होत्या.

आणि विक्की ओरडला, "अरे, चश्मे में तो काँच ही नहीं था। उसकी आँख में कीचड़ था, बगुले ने पोंछ दिया।"

मग त्याचं त्यालाच नवल वाटलं असावं, कारण तो आजूबाजूला पाहायला लागला. कितीतरी वेळा ती गोष्ट त्यानं पाच तारे मिळवत वाचली होती. ती त्याला आज कळली, लाल वाचनातून, मैदानावरच्या भाषेत.

भैय्याजी डोळे पुसत म्हणाले, "कोण आहे बाप्पा ही पोरगी? हिले हिरव्यात टाका."

"हीच ती, भैय्याजी," सर म्हणाले. "अपेक्षा. आणि हे वाचन लाल आहे. याच वाचनाला एक तारा मिळाला होता."

भैय्याजी काही मूर्ख माणूस नाहीत. त्यांनी स्पीकरकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या त्या रंगीत तक्त्याकडे, आणि जरा वेळानं विचारलं, की मग हे बाकीचे लाल आहेत त्यांचं काय? सर म्हणाले, माहीत नाही. त्यांचं मी अजून ऐकलंच नाही. कदाचित कुणाला खरंच वाचता येत नसेल, त्याला मी तिसरीचं पुस्तक देईन, पण माझ्याच वर्गात देईन. आधी मला सगळ्यांचं ऐकू द्या. टॅब राहू द्या, त्याचा दोष नाही. तो ऐकून घेतो आणि जपून ठेवतो, ते त्याचं काम त्यानं केलं. ऐकल्यावर विचारायचं काम माझं होतं.

भैय्याजींनी होकार दिला. दिला म्हणजे, ठीक आहे, मार्चपर्यंत पाहू, असं म्हणाले. पण ते म्हणताना त्यांच्या तोंडून 'पाहून घेऊ, काहून घाई करता' असं निघालं, आणि मी मनात म्हटलं, ताईनं हे ऐकलं असतं तर अध्यक्षांनाही तिसरीत बसावं लागलं असतं.

अपेक्षा अजून पुढेच उभी होती. आपला आवाज तिनं मान खाली घालून ऐकला होता. सगळे हसले तेव्हा तीही हसली होती, पण दुसऱ्याच कुणाची गोष्ट असल्यासारखी. सर तिच्यापाशी गेले आणि म्हणाले, की पुस्तकात पुढची गोष्ट आहे, ती वाच. ती तू अजून वाचलेली नाहीस.

तिनं पान काढलं. सवयीनं पट्टी ओळीवर ठेवली, मग उचलली, मग परत ठेवली. सगळी पोरं वाट बघत होती. ती वाचेना. शेवटी तिनं वर पाहून हळूच विचारलं,

"सर, मले म्हणू का मला?"

तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता, तक्रार नव्हती. खरंच अडल्यावर माणूस रस्ता विचारतो तसं विचारलं तिनं. दहा-अकरा वर्षांची पोरगी, स्वतःच्या जिभेची परवानगी दुसऱ्याकडे मागत होती, आणि ज्याच्याकडे मागत होती त्या माणसाला कधीतरी त्याच शब्दावरून अख्खा वर्ग हसला होता.

सर तिच्यासमोर सतरंजीवर मांडी घालून बसले. अध्यक्ष समोर, आम्ही सगळा स्टाफ समोर, आणि आईचा फोन सोडला तर आमच्यापैकी कुणीही शाळेच्या आवारात त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती त्या भाषेत ते बोलले.

"तुले जसं समजते तसं वाच वं. 'मला' कुठी पळून नाई चालला. तो मी तुले शिकवीन."

तिनं पट्टी बाजूला ठेवली आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्या दोन ओळी दबकत. तिसऱ्या ओळीत एक कोंबडी बोलायला लागली आणि अपेक्षाचा आवाज जरा हलला. मग कोंबडीनं 'मले' म्हटलं. अपेक्षा तिथेच थांबली आणि तिनं घाबरून सरांकडे पाहिलं. सर ऐकत होते. ती पुढे गेली.

आता ती वाचते. विक्कीच्या शेजारी बसते. तो छापलेलं वाचतो, ती त्याला काय झालं ते सांगते, आणि त्यांची भांडणं ऐकायला माझी पोरं पुन्हा भिंतीला चिकटतात. शाळेत ती रोज येते, त्याची आता काळजी नाही. पण प्रत्येक 'मले'पाशी ती क्षणभर थांबते, वर बघते, आणि मगच पुढे जाते. सर म्हणतात, जाईल हळूहळू. ते रोज तिच्यासमोर बसतात आणि तिनं वर पाहिलं की तिथे असतात.